अप्रेंटिसशिप म्हणजे नक्की काय? उर्सेच्या कंपनीतल्या माझ्या एका वर्षावरून सांगतो

डिप्लोमा किंवा आयटीआय झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरत येतो. "पुण्यात नामांकित कंपनीत अप्रेंटिस भरती, पगार १४ हजार, बस-जेवण मोफत, त्वरित संपर्क साधा." मलाही आला होता. मी उदगीरकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा केलेला. बॅग भरली, पुण्याला आलो, लोणावळा लोकल पकडून तळेगावला उतरलो आणि एका ठिकाणी आठ महिने काम केलं. नंतर कळलं की सरकारी नोंदीत मी त्या आठ महिन्यांत अप्रेंटिस नव्हतोच. कामगारही नव्हतो.

त्यानंतर उर्सेच्या बाजूला एका मशीन शॉपमध्ये रीतसर करार करून पूर्ण वर्ष काढलं. या लेखात दोन्ही अनुभव आहेत, आणि सोबत ती सगळी माहिती आहे जी मला पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवी होती.

अप्रेंटिस म्हणजे कोण?

सरकारी मराठीत याला "शिकाऊ उमेदवार" म्हणतात. एसटी महामंडळाच्या जाहिरातीत हा शब्द तुम्ही वाचला असेल. यासाठी वेगळा कायदा आहे, शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१. त्यात २०१४ साली मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये नियम बदलले. आज स्थिती अशी आहे की ज्या आस्थापनेत कंत्राटी धरून ३० किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, तिला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. किती? एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे तुम्ही गेटवर उभे असता तेव्हा कंपनी तुमच्यावर उपकार करत नसते, हे डोक्यात असू द्या.

आता कायद्याची दुसरी बाजू. कलम १८ स्पष्ट सांगतं की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे जे मिळतं तो पगार नसतो, स्टायपेंड असतो. त्यातून पीएफ कापला जात नाही, ईएसआय नसतो. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधनही कंपनीवर नाही, करारात तसं लिहिलं असेल तरच. बऱ्याच पोरांना हे वर्षाच्या शेवटी कळतं आणि मग जीव तुटतो. आधीच माहीत असलेलं बरं.

पण काही गोष्टी तुमच्या बाजूच्याही आहेत. आरोग्य आणि सुरक्षेचे जे नियम कारखान्यातल्या कामगाराला लागू, ते अप्रेंटिसलाही लागू. प्रशिक्षण घेताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. ओव्हरटाइम अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरच्या मंजुरीशिवाय लावता येत नाही. आणि "जेवढे पीस काढशील तेवढे पैसे" हा हिशोब अप्रेंटिसला लावायला कायद्याने बंदी आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

उर्से कुठे आहे?

मुंबईकडून एक्सप्रेसवेने पुण्याला येताना तळेगावजवळ जो टोलनाका लागतो, तो उर्से टोलनाका. ट्रॅफिकच्या बातमीत नाव ऐकलं असेल, गाव बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मावळ तालुका, एका अंगाला सोमाटणे, दुसरीकडे परंदवडी आणि बेबडओहोळ. पावसाळ्यात इंद्रायणी भाताची खाचरं आणि त्याच्या मधोमध शेडचे निळे-पांढरे पत्रे. फिनोलेक्स केबल्सचा कारखाना इथेच आहे आणि फिनोलेक्स इंडस्ट्रीजचं नोंदणीकृत कार्यालयही उर्सेच्याच पत्त्यावर. (मी तिथे नव्हतो. माझी कंपनी गाड्यांचे छोटे पार्ट करणारी होती.) तळेगाव एमआयडीसी जवळ, चाकण पलीकडे. त्यामुळे सोमाटणे फाट्यावरच्या कॉट बेसिस रूममध्ये लातूर, बीड, नांदेड, जळगाव, सगळीकडची पोरं सापडतात. आमच्या खोलीत सहा जण होतो आणि सहाही जणांची शिफ्ट वेगळी. लाइट लावायची की नाही यावर रोज भांडण.

थोडं विषयांतर करतो, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या भागात "काम करत शिकणे" एमआयडीसीसोबत आलेलं नाही. तळेगाव दाभाडेला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून लोकांकडून एकेक पैसा गोळा करून हा निधी उभा राहिला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. तिथे काच बनायची आणि काच बनवायला शिकवलंही जायचं. इतर प्रांतांतली मुलं येऊन शिकून गेली आणि त्यातल्या काहींनी आपापल्या भागात काचेचे कारखाने काढले. तळेगाव स्टेशनला उतरून रोज कंपनी बसची वाट बघायचो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दोन पोर्टल, दोन रस्ते

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून नीट वाचा.

नॅट्स ही शिक्षण मंत्रालयाची योजना. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी. कालावधी साधारण एक वर्ष. आपल्या पश्चिम विभागाचं काम मुंबईचं बोट कार्यालय बघतं, बोट म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग. शेवटी जे मिळतं ते प्रावीण्य प्रमाणपत्र.

नॅप्स ही कौशल्य विकास मंत्रालयाची योजना, २०१६ पासूनची. आयटीआयवाले, दहावी-बारावी झालेले आणि इतरही बरेच जण यात येतात. नोंदणी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर. आयटीआयच्या ट्रेडमधल्या अप्रेंटिसला शेवटी अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते, ती पास झाली की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र नुसतं फ्रेम करायचं नसतं. रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच कायद्याप्रमाणे अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात.

दोन्ही पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. मोबाइलच्या ब्राउझरवरही होते, पण कागद अपलोड करताना पीडीएफची साइज जास्त झाली की अडकतं, तेव्हा आधीच लहान करून ठेवा. साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतो का ते बघा. सारख्या नावाच्या, सारख्या रंगाच्या साइट आहेत आणि त्या "रजिस्ट्रेशन फी" मागतात. फी मागितली की तो टॅब बंद करायचा.

माझे आठ महिने कुठे गेले?

पहिल्या ठिकाणी मला एक पत्र मिळालं होतं. ठेकेदाराच्या लेटरहेडवर, "ट्रेनी ऑपरेटर" म्हणून. मी ते आईला फोटो काढून पाठवलं, तिने शेजारीपाजारी दाखवलं. काम काय होतं? दाबयंत्रावर पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी बटणं दाबायची, पीस उचलायचा. दिवसाला ठरलेले पीस झाले नाहीत तर हजेरी अर्धी. शिकवणारं कोणी नव्हतं, कारण शिकण्यासारखं तिसऱ्या दिवशीच संपलं होतं. म्हणजे जे कायदा अप्रेंटिसच्या बाबतीत करू नका म्हणतो, नेमकं तेच. पण मी कागदावर अप्रेंटिस नव्हतो, त्यामुळे तक्रार कशाच्या जोरावर करणार?

उर्सेच्या कंपनीत मुलाखत झाली तेव्हा एचआरच्या मॅडमनी विचारलं, "आधी कुठे अप्रेंटिसशिप केलीय?"

मी अभिमानाने म्हणालो, "हो मॅडम, आठ महिने."

"कराराचा नंबर सांग."

कसला नंबर? मी पत्र काढून दिलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याच मोबाइलवर माझं पोर्टलचं लॉगिन उघडायला लावलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "अरे, यात तर तुझं काहीच नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "एका अर्थाने बरंच झालं. एक वर्ष पूर्ण झालं असतं तर तुला घेता आलं नसतं." नॅट्समध्ये ज्याने आधीच वर्षभर प्रशिक्षण किंवा अनुभव घेतलाय तो बसत नाही. मला दिलासा द्यायला बोलल्या असतील. मी मात्र बसमध्ये डोकं खिडकीला टेकवून आलो. अनुभवाचं पत्र तरी मिळावं म्हणून ठेकेदाराला फोन केले, उचलला नाही.

म्हणून सांगतो, कंपनीत पाय ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात एक काम करा. स्वतःच्या लॉगिनमधून करार उघडा. त्यात कंपनीचं नाव तीच आहे का जिथे तुम्ही रोज जाता, ट्रेड किंवा विषय बरोबर आहे का, सुरू आणि संपायची तारीख, स्टायपेंडचा आकडा आणि मुख्य म्हणजे कराराला नोंदणी क्रमांक पडलाय का. करार फाइलमध्ये ठेवून चालत नाही, कंपनीने तो नोंदणीसाठी पाठवायचा असतो. वय १८ पेक्षा कमी असेल तर सही पालकांची लागते. "ट्रेनी", "लर्नर", "इंटर्न" असे शब्द पत्रात असतील आणि करार क्रमांक नसेल, तर तुम्ही या कायद्याखालचे अप्रेंटिस नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी. आणखी एक खूण आहे. पावतीवर पीएफ कापलेला दिसला तर तुम्ही अप्रेंटिस नाही, कामगार आहात. ते वाईट नाही, पण मग अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र मिळेल या आशेवर राहू नका.

पहिला दिवस: कॅमेऱ्यावर स्टिकर

गेटवर सिक्युरिटीवाल्या मामांनी फोनच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर गोल लाल स्टिकर लावले. संध्याकाळी बाहेर पडताना स्टिकर जागेवर आहे का बघायचे. कारण ड्रॉइंग कंपनीचं नसतं, कस्टमरचं असतं. आमच्या बॅचच्या एकाने मशीनपाशी सेल्फी काढून स्टेटसला ठेवला, मागे बोर्डवर ड्रॉइंग लावलेलं दिसत होतं. त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. सेल्फीत तो खरंच छान दिसत होता, ही वेगळी गोष्ट.

पहिले दोन आठवडे सेफ्टी आणि मोजमाप. अंगठी, कडं, मफलर, लोंबणारं ओळखपत्र, सगळं काढून ठेवायचं. फिरत्या चकजवळ हातमोजे घालायचे नाहीत, हे मला उलटं वाटलं होतं. हातमोजा हात वाचवतो ना? पण फिरणाऱ्या भागात हातमोज्याचं टोक अडकलं की ते हातासकट ओढून घेतं. चिप्स काढायला हूक वापरायचा, हात कधीच नाही.

मायक्रॉन कळायला मला दोन महिने लागले

कॉलेजमध्ये व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवर जर्नल लिहिलं होतं, तुम्हीही लिहिलं असेल. शॉपमध्ये त्याचा अर्थ बदलतो. साधा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत दाखवतो, साधा मायक्रोमीटर ०.०१ मिमीपर्यंत. माझ्या जॉबला आत एक बोअर होता, म्हणजे भोक, २५ मिमीचा. ड्रॉइंगवर लिहिलेलं २५ एच७. याचा अर्थ बोअर २५.००० पासून २५.०२१ पर्यंत चालेल. एकवीस मायक्रॉनची मोकळीक. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो असं धरलं, तर आमची सगळी चूकभूल केसाच्या तिसऱ्या भागात बसवायची.

असा बोअर प्रत्येक वेळी मोजत बसत नाहीत. त्याला प्लग गेज असतो. दोन टोकं, एक "गो", एक "नो-गो". गो टोक २५.००० चं, ते आत गेलंच पाहिजे. नो-गो टोक २५.०२१ चं, ते आत जाता कामा नये. आकडा कळत नाही, पण पास की नापास हे दोन सेकंदात कळतं.

सेटर काकांनी पहिल्याच आठवड्यात एक गंमत दाखवली. मशीनमधून नुकताच काढलेला कोमट जॉब मोजला, बाजूला ठेवला, चहा पिऊन आल्यावर परत मोजला. आकडा बदलला! पोलाद एक अंश तापमानाला एका मीटरमागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतं. २५ मिमीच्या बोअरला वीस अंशांचा फरक म्हणजे सहाएक मायक्रॉन. एकवीसपैकी सहा असेच हवेत. म्हणून जगभर मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरलेलं आहे. मावळात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली वीस अंश कुठून आणायचे, म्हणून मोजायची खोली वेगळी आणि तिला एसी. आम्ही काही ना काही कारण काढून तिथे जायचो ते एसीसाठीच.

अकरा पीस

आता मुख्य गोष्ट. सहाव्या महिन्यात मला एक सीएनसी लेथ एकट्याने चालवायला दिली.

आधी थोडं तंत्र समजून घ्या. कापणारं जे टोक असतं त्याला इन्सर्ट म्हणतात, शॉपमध्ये सगळे "टिप" म्हणतात. ती कार्बाइडची असते आणि कापून कापून झिजते. टिप झिजली की ती धातूत थोडी कमी घुसते, म्हणजे बोअर हळूहळू लहान येऊ लागतो. मग ऑपरेटर मशीनला सांगतो, "एक्स दिशेला अजून पाच मायक्रॉन जा." ही सुधारणा कंट्रोलरच्या वेअर ऑफसेट नावाच्या पानावर टाकतात. टिप झिजत जाते, ऑफसेट वाढत जातो. फोनची बॅटरी जुनी झाली की आपण ब्राइटनेस कमी करत करत दिवस काढतो ना, थोडं तसंच.

त्या दिवशी सकाळपासून मी पाच-पाच करत आठ वेळा ऑफसेट वाढवला होता. एकूण अधिक चाळीस मायक्रॉन. जेवणानंतर टिपची धार गेली, बोअरला रेषा यायला लागल्या. मी टिप फिरवून नवी धार लावली, स्क्रू आवळला, सायकल स्टार्ट दाबलं.

काय चुकलं, ओळखलं? नवी धार झिजलेली नव्हती. पण मशीनला मी अजूनही "चाळीस जास्त जा" असं सांगून ठेवलेलं होतं. टिप बदलली की वेअर ऑफसेट शून्य करायचा, हे मला माहीत होतं. वहीत लिहिलेलंही होतं. तरी राहिलं.

आणि दुसरी चूक जास्त मोठी. टिप बदलल्यावर पहिला पीस तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि एरवीही दर पाचवा पीस तपासायचा. गेज शेजारच्या मशीनवरचा मुलगा घेऊन गेला होता. आणायला चाळीस पावलं चालायला लागणार होती. मी कंटाळा केला. एक सायकल दोन मिनिटांची. अकरावा पीस हातात असताना तो गेज परत घेऊन आला. नो-गो टोक लावलं. सर्रकन आत गेलं.

बोअर २५.०५ च्या आसपास आला होता. इथे एक गोष्ट समजून घ्या. बोअर लहान राहिला तर परत मशीनवर चढवून कापता येतो, त्याला रिवर्क म्हणतात. मोठा झाला तर काढलेला धातू परत चिकटवता येत नाही. अकराच्या अकरा भंगार.

शेजारचा माझ्याच बॅचचा, रूम पार्टनरही. तो हळूच म्हणाला, "खाली टाक ट्रॉलीत. चारशे पिसांत अकरा. कोण बघतंय?" तो वाईट मुलगा नव्हता. मागच्या महिन्यात त्याला वीस जणांसमोर ओरडा बसला होता, त्यातून आलेलं हे शहाणपण. माझ्याही डोक्यात चक्र सुरू झालं. कायम व्हायचंय. आठ महिने आधीच पाण्यात गेलेत. आता हेही गेलं तर गावाकडे काय सांगू?

त्या बोअरमध्ये पुढे बेअरिंग दाबून बसवतात. बेअरिंगची बाहेरची कडी तिथे घट्ट बसली पाहिजे. भोक पन्नास मायक्रॉन मोठं असेल तर कडी आतल्या आत सरकायला लागते, घासते, गरम होते. गाडी दोन महिने चालेल, चारही चालेल. मग कुठे बंद पडेल सांगता येत नाही. आमच्या शेडच्या मागून एक्सप्रेसवेचा आवाज दिवसरात्र यायचा, त्या वेळी जरा जास्तच मोठा वाटला.

मी काकांकडे गेलो. पोट आत ओढल्यासारखं झालं होतं.

"काका, नो-गो आत जातोय."

"किती पीस?"

"अकरा."

"टिप बदललीस?"

"हो."

"ऑफसेट?"

मी गप्प. काका ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. मशीन थांबवली, अकरा पीस मोजून लाल बिनमध्ये टाकले, प्रत्येकावर मार्करने फुली मारली. मग म्हणाले, "आता टिप बदलायच्या आधीचा शेवटचा चांगला पीस शोध. तिथून पुढचं सगळं तपासायचं." सबंध ट्रॉली तपासली. चूक अकराच पिसांत होती हे सिद्ध व्हायला दीड तास गेला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर साहेबांनी बोलावून "का-का" लिहायला लावलं. का झालं, ते का झालं, तेही का झालं, असं पाच वेळा. मी मराठीत लिहिलं, त्यांनी तसंच लावलं बोर्डावर. पाचव्या "का"ला उत्तर आलं ते असं: दोन मशीनमध्ये गेज एकच आहे. पुढच्या महिन्यात दुसरा गेज आला. स्टायपेंड कापतील ही भीती होती, एक रुपयाही कापला नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी: टिप बदलली की ऑफसेट शून्य करण्यावर थांबत नाही, मुद्दाम थोडा कमीकडे ठेवतो. पहिला पीस लहानच येऊ दे. मोजायचा, मग पुढे जायचं.

वेगाचं एक गणित, मोबाइलवर होतं

मुलाखतीत हे हमखास विचारतात म्हणून सांगून ठेवतो. स्पिंडलचे फेरे काढायचे असतील तर १००० गुणिले कापण्याचा वेग, भागिले पाय गुणिले व्यास. वेग मिनिटाला २०० मीटर, व्यास २५ मिमी, तर उत्तर येतं साधारण २५४६ फेरे. मला मुलाखतीत हे आलं नव्हतं. डिस्टिंक्शन होतं तरी.

पैसे किती आणि येतात कसे?

२०१९ च्या नियमांनी किमान स्टायपेंड असा ठरवला: पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,००० आणि डिग्री ९,००० रुपये महिना. हा किमान आहे, कंपनी जास्त देऊ शकते. प्रशिक्षण एका वर्षापेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५ टक्के. मे २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेने ही रक्कम ३६ टक्के वाढवून ६,८०० ते १२,३०० करावी अशी शिफारस केली. करार कराल त्या दिवशीचा दर पोर्टलवर बघून घ्या. महिन्याचा स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवा.

मला आठ हजार मिळायचे. कॉटचे १,८००, मेसचे २,६००, बाकी रिचार्ज, लोकल, कधीतरी वडापाव. घरी पाठवायला महिन्याला दोन हजार जेमतेम उरायचे. कंपनीत एक वेळचं जेवण होतं म्हणून निभावलं, नसतं तर नसतं जमलं. खरं सांगायचं तर आठ हजारात घरून मदत नसलेल्या पोराने पुण्याजवळ राहून शिकावं, ही अपेक्षाच मला पटत नाही.

सरकार यातला काही भाग देतं आणि तो आता थेट तुमच्या खात्यात येतो. नॅप्समध्ये स्टायपेंडच्या २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये. नॅट्समध्ये किमान स्टायपेंडच्या निम्मे, डिप्लोमाला ४,०००. बाकीची रक्कम कंपनीकडून येते. त्यामुळे महिन्याला दोन वेगळ्या तारखांना दोन वेगळे मेसेज येतात, एक आला नाही म्हणून लगेच एचआरशी भांडू नका.

थेट खात्यात पैसे न येण्याचं सगळ्यात मोठं कारण तांत्रिक आहे. "माझं आधार बँकेला लिंक आहे" असं सगळे सांगतात. पण केवायसीला आधार देणं वेगळं आणि आधार सीडिंग वेगळं. सरकारी पैसे पाठवताना खाते क्रमांक बघत नाहीत, एनपीसीआयच्या यादीत तुमच्या आधारपुढे कोणती बँक आहे ते बघतात. आणि एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते, शेवटी जिथे सीडिंग केलं ती. कंपनीने नवीन बँकेत खातं उघडून दिलं आणि तिथे फॉर्मवर तुम्ही टिक केलं, की गावच्या बँकेचं सीडिंग निघून जातं. मग पोरगा जुन्या खात्यात पैसे शोधत बसतो. माय आधारच्या साइटवर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" बघितलं की एका मिनिटात उलगडा होतो.

तक्रार असेल तर

करार नोंदलेला असेल तर वाद अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरकडे नेता येतो, कायद्यातच ती सोय आहे. वर्षभर एकाच मशीनवर उभं केलंय, स्टायपेंड येत नाही, सतत जादा तास लावतायत, यासाठी ही वाट आहे. मधेच सोडायचं असेल तरी न सांगता गायब होऊ नका. करार चालू राहिला की पोर्टलवर तुम्ही तिथेच अडकलेले दिसता आणि दुसरी कंपनी नवा करार करू शकत नाही. आमच्यातला एक जण दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही, फेब्रुवारीत चाकणला मुलाखत देऊन परत आला तेव्हा हेच निघालं.

वर्षअखेर आमच्या बॅचमधल्या चौदा जणांपैकी तिघांना कंपनीने ठेवून घेतलं. त्यात मी होतो, पण कायम म्हणून नाही, एका वर्षाच्या करारावर. लॉटमध्ये टाक म्हणणारा माझा रूम पार्टनर चाकणला लागला, माझ्यापेक्षा दोन हजार जास्त घेतो.

प्रमाणपत्राचं मात्र आणखी लांबलं. माझ्या आधारवर वडिलांचं नाव एक आणि डिप्लोमाच्या मार्कशीटवर स्पेलिंग दुसरं. नोंदणी करताना मी "चालतंय" म्हणून पुढे गेलो होतो. दुरुस्ती, परत अपलोड, परत मंजुरी, यात पाच आठवडे गेले. तुमच्या दोन्ही कागदांवरचं नाव आजच शेजारी शेजारी धरून अक्षर न् अक्षर जुळवून बघा, आधार दुरुस्त करायला करार होण्याआधी वेळ असतो.